हॅटरस बेटावर सुट्टी आणि एरिन वादळ: जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

आउटर बँक्सला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल, तर घर बुक करतानाच बाहेर पडायची वाटही ठरवून ठेवा. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यासमोरची ही वाळूची चिंचोळी पट्टी. त्यातल्या हॅटरस बेटावरून गाडीने बाहेर काढणारा रस्ता एकच, हायवे 12. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला पॅमलिको साउंड नावाची उथळ खाडी, आणि काही ठिकाणी मधे जेमतेम रस्त्यापुरती जमीन. पलीकडच्या ओक्राकोकला तर पूलही नाही, सगळी मदार फेरीबोटीवर.

आम्ही ऑगस्ट 2025 मध्ये कॅरीहून (रॅलीजवळचं शहर) हॅटरस बेटावरच्या ॲव्हन गावाला गेलो. नाशिकहून आलेले आई-बाबा सोबत होते. शनिवारी, 16 तारखेला घराचा ताबा घेतला आणि त्याच दिवशी अटलांटिकमधलं एरिन वादळ कॅटेगरी 5 पर्यंत, म्हणजे सर्वांत तीव्र दर्जापर्यंत पोचलं. रविवारी डेअर काउंटीचा (इथल्या स्थानिक प्रशासनाचा) आदेश आला: हॅटरस बेटावरच्या पर्यटकांनी सोमवारी सकाळी 10 पासून निघायचं, रहिवाशांनी मंगळवारपासून.

बाहेर लख्ख ऊन. आई म्हणाली, "अगं, पान हलत नाहीये, कुठलं आलंय वादळ?" शेजारच्या घरातले लोकही म्हणत होते की वादळ किनाऱ्याला धडकणारच नाहीये, मग कशाला निघायचं? धडकणार नव्हतं हे खरंच होतं. पण इथे प्रश्न वाऱ्याचा नसतो, रस्त्याचा असतो. शेकडो मैल लांबून जाणाऱ्या वादळाच्या लाटाही वाळूचे बांध फोडतात आणि हायवे 12 वर पाणी नि वाळू आणून टाकतात. एरिनच्या वेळी नेमकं तेच झालं, रस्ता बंद करावा लागला. एकदा तो बंद झाला की ॲम्ब्युलन्सही येऊ शकत नाही. रोजची औषधं घेणारे आई-बाबा सोबत असताना मला हा धोका पत्करायचा नव्हता.

पोहायचं म्हणाल तर तेही नकोच. त्याच सोमवारी बऱ्याच दक्षिणेला, राइट्सव्हिल बीचवर किमान 60 जणांना रिप करंटमधून (किनाऱ्यापासून आत खोल समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहातून) बाहेर काढावं लागलं.

रविवारी रात्रीच टाकी भरली. पासपोर्ट, औषधं आणि प्रवास विम्याचे कागद एका झिपच्या पिशवीत घालून ती माझ्या पर्समध्ये ठेवली, डिकीत नाही. सोमवारी उजाडताच निघालो. बेटाच्या उत्तर टोकाकडच्या पी आयलंडच्या पट्ट्यात बांधांवरची वाळू वाऱ्याने डांबरावर सरकत होती, पांढऱ्या कडेची रेघ जागोजागी गायब. बांधापलीकडे समुद्र दिसत नव्हता, पण लाटांचा आवाज बंद काचांतूनही येत होता. बाबा तेवढा वेळ एक शब्द बोलले नाहीत.

मार्क बासनाइट पूल ओलांडून नॅग्स हेडला आलात की व्हेलबोन जंक्शनवर, जिथे रस्ते फुटतात, कुठे वळायचं ते ठरवावं लागतं. रॅली किंवा शार्लटकडे जाणाऱ्यांनी हायवे 64 ने पश्चिमेला जावं. व्हर्जिनिया-डीसीकडचे लोक 158 ने उत्तरेला जातात आणि राइट मेमोरियल पुलावर गर्दी तुंबते. 64 वर मँटिओ सोडल्यावर कोलंबियापर्यंत जंगल आणि दलदल आहे, पंप-दुकानं जवळजवळ नाहीत. म्हणून खाणं, पाणी, बाथरूम हे सगळं मँटिओतच उरकून घ्या. वाटेत ॲलिगेटर नदीवरचा जुना पूल बोटींसाठी उघडतो, तिथे थांबावं लागू शकतं.

वादळ ओसरलं की लगेच परत येता येईल, या भरवशावर जवळच्या हॉटेलात तळ ठोकू नका. बेटावर परत सोडताना आधी आपत्कालीन पथकं, मग रहिवासी आणि पर्यटक सगळ्यांत शेवटी. शिवाय पाणी नुसतं समुद्राकडूनच येत नाही. 2019 मध्ये डोरियन वादळाच्या वेळी वारा फिरला आणि साउंडचं पाणी ओक्राकोक गावात शिरलं. त्यामुळे खाडीकडचं घर सुरक्षित, हा समज सोडून द्या.

आता पैशांचं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यानुसार सक्तीने बेट सोडावं लागलं, तर न राहिलेल्या रात्रींचं भाडं परत मिळतं. पण घर घेताना अशा प्रसंगाचा विमा तुम्हाला देऊ केला असेल (त्याची किंमत भाड्याच्या 8 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी) आणि तुम्ही तो नाकारला असेल, तर हा हक्क जातो. आणि वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा सहसा त्या वादळासाठी चालत नाही. एरिनला नाव 11 ऑगस्टला मिळालं, आमच्या ताब्याच्या पाच दिवस आधी. तेव्हा बुकिंगच्या पानावर विम्याचा प्रश्न आला की "नको" वर बोट ठेवण्याआधी अटी नीट वाचा, आणि पॉलिसीत सक्तीच्या स्थलांतराचा उल्लेख स्पष्ट आहे का ते पाहा.