मापटे, स्टोव्ह आणि सहा नवे पैसे

वृद्धाश्रमात कुणाला भेटायला गेले की संभाषण तीन प्रश्नांत संपते. जेवण झाले का, झोप लागते का, गुडघा दुखायचा राहिला का. तिन्हींची उत्तरे ठरलेली असतात आणि ती देऊन झाली की पाहुणा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागतो व आजोबा दाराकडे. यात दोष कुणाचाच नसतो. ज्या माणसाचा दिवस दुसऱ्यांनी आखून दिलेल्या वेळांवर चालतो, त्याच्याकडे आज घडलेले सांगण्यासारखे फारसे उरत नाही. आणि पाहुणा ज्या बातम्या घेऊन येतो, म्हणजे नातवाची कंपनी, मेट्रोची नवी मार्गिका, फ्लॅटचे वाढलेले भाव, त्यांत या माणसाला मान हलवण्यापलीकडे भाग घेता येत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी काही ठिकाणी आता आठवणींची पेटी भरून ठेवतात. पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात मी काही मंडळींबरोबर हे काम करते. पेटी म्हणजे पत्र्याची लहान ट्रंक किंवा चक्क बुटांचे रिकामे खोके, त्यात एका माणसाच्या तरुणपणातल्या आठ-दहा वस्तू. आठवड्यातून एकदा ती टेबलावर उघडायची आणि वस्तू हातोहात फिरू द्यायच्या, एवढाच हा उद्योग आहे.

म्हातारी माणसे सारखे मागचे उगाळत बसतात, ही घरोघरची तक्रार आहे, आणि बराच काळ डॉक्टरसुद्धा ते बुद्धी खचत चालल्याचे लक्षण मानत. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ मध्ये एका लेखातून ही समजूत खोडून काढली. सरत्या वयात आयुष्याचा आढावा घेणे स्वाभाविक असते आणि गरजेचेही असते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे ब्रिटनमध्ये या विचाराला चांगलेच धुमारे फुटले. लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी तर जुन्या वस्तूंनी भरलेल्या सुटकेस शुश्रूषागृहांना उसन्या द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे अशी सोय असती तर मला जुन्या बाजारात घासाघीस करावी लागली नसती. पण मग त्या घासाघिशीतला आनंदही मिळाला नसता.

पेटीत काय ठेवावे, याचे गणित वयावरून मांडावे लागते. उतारवयात माणसाला आपल्या साधारण दहा ते तीस या वर्षांतले प्रसंग इतर काळाच्या मानाने बरेच जास्त आठवतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. शाळा, पहिली नोकरी, लग्न, पहिले स्वतंत्र बिऱ्हाड असे सगळे पहिलेपण त्याच वर्षांत येते, हे त्याचे एक कारण असावे. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या आजींचा जन्म १९४०च्या आसपासचा. तेव्हा त्यांची पेटी १९५० ते १९७० या वीस वर्षांतून भरायला हवी. इतके सोपे गणित असूनही बहुतेक पेट्या चुकतात त्या इथेच. तरुण मंडळी हौसेने पितळी समई, नथ, पानाचा डबा, खेळण्यातले जाते असे काहीबाही जमवून आणतात आणि ते टेबलावर मांडले की दूरचित्रवाणी मालिकेतला वाडा तयार होतो. कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, उमेद घालवलेल्या आजोबांपुढे ती समई ठेवली तर ते तिला हात जोडतील आणि गप्प बसतील. अशाच एका आजोबांच्या हाती आम्ही मागावर आडवे सूत नेणारा लाकडी धोटा दिला, तेव्हा त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, टोकाची धार अंगठ्याने तपासली आणि मग एकदम ओठांना लावला. सगळे दचकले. धोट्याच्या भोकातून सुताचे टोक बाहेर काढायला ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, हे त्यांनी करून दाखवले. तो धोटा आधी कुणाच्या तोंडाला लागलेला असे, क्षयाची भीती कशी असे, खोकणाऱ्या साथीदाराचा धोटा घ्यायचे नाकारले म्हणून कशी भांडणे होत, हे सगळे त्यामागून आपसूक आले. यातला एकही प्रश्न विचारायचे मला सुचले नसते, कारण अशी काही गोष्ट अस्तित्वात असते हेच मला ठाऊक नव्हते.

पेटीचा सगळा उपयोग माझ्या मते या शेवटच्या वाक्यात आहे. टेबलाच्या अलीकडे बसलेल्या माणसाला एखादी गोष्ट खरोखरच ठाऊक नसावी आणि पलीकडच्याला ती पुरती ठाऊक असावी. वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाला दिवसभर इतर लोक समजावून सांगत असतात, की आजोबा, ही गोळी जेवणाआधी, आजी, इथे पाय जपून. समजावून सांगण्याचा मान दिवसातून एकदा तरी त्याच्याकडे परत जावा, यासाठी पेटी उघडायची. म्हणूनच वस्तू पुढे करताना ‘आठवतं का?’ असे कधीही विचारू नये. तो प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा आहे, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तीत आपण नापास होणार हे उत्तर देण्याआधीच कळते. घरून येणारी छायाचित्रे मला याच कारणाने फारशी आवडत नाहीत. लेक अल्बम उघडते आणि मोठ्या प्रेमाने विचारते, ‘आई, ही कोण सांग बघू?’ आईचा चेहरा पडतो. फोटो आणायचाच असेल तर ‘ही बेबीमावशी, हिच्या लग्नात जिलब्या कमी पडल्या होत्या’ असे आपणच सांगून टाकावे. मग जिलब्या का कमी पडल्या, ते आई सांगते.

‘हे कसं वापरायचं?’ हा प्रश्न मात्र सहसा वाया जात नाही, कारण त्याचे उत्तर शब्दांआधी हात देतात. नावे आणि तारखा पुसट झाल्यावरही हाताला बसलेली सवय पुष्कळ दिवस टिकते. मेंदूत तिची व्यवस्था निराळी असते. आमच्याकडच्या एक आजी दिवसाकाठी जेमतेम चार शब्द बोलतात. त्यांच्यापुढे आम्ही वातीचा नव्हे, पंपाचा पितळी स्टोव्ह ठेवला, अर्थात रॉकेलाशिवाय. त्यांनी पंप दोनदा मारून पाहिला, कान जवळ नेला आणि तिथे उभ्या असलेल्या मावशींना म्हणाल्या, ‘वायसर सुकलाय. तेलात भिजत घाल.’ मावशींचे वय तिशीच्या आत, त्यांनी जन्मात असा स्टोव्ह पेटवलेला नाही. मग आजींनी त्यांना पंपाचा दट्ट्या उपसून आतली चामड्याची चकती दाखवली, काकडा कुठे अडकवायचा आणि बर्नर पुरता तापण्याआधी पंप मारला तर भडका कसा उडतो, हे सांगितले, आणि पिन वाकडी घातल्यास भोक मोठे होऊन ज्योत पिवळी येते, अशी तंबीही दिली. दुसऱ्या दिवसापासून आजींचे बोलणे वाढले असे काही घडले नाही. फरक पडला तो मावशींमध्ये. वेणी घालताना त्या आता आजींना स्वयंपाकातल्या शंका विचारतात, आणि कधीकधी उत्तर मिळते.

नाण्यांचा डबा हा आमचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका ऐवज. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली, सोळा आण्यांच्या आणि चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि काही वर्षे दोन्ही नाणी बाजारात एकत्र फिरत राहिली. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका ‘रुपये का सौवाँ भाग’ असे लिहिलेला नवा पैसा तळहातावर घेऊन आजही धडाधड सांगतात, की एका आण्याचे सहा, दोनचे बारा, तीनचे एकोणीस आणि चारचे पंचवीस. सहाच्या पाढ्यात एकोणीस कसे बसतात, असे कुणी विचारले की काका खूश होतात. खरा आणा सव्वासहा पैशांचा, तो पाव पैसा दर वेळी कुठेतरी जिरवावा लागे, आणि खिडकीवर भांडण होई ते त्या पावापायीच. पलीकडे बसलेल्या, एरवी हिशेबाशी संबंध नसलेल्या एक बाई तेवढ्यात पावकी, म्हणजे पावाचा पाढा, म्हणू लागतात, त्यांच्यामागून निमकी येते आणि पाऊणकीला पोहोचेपर्यंत चार-पाच आवाज मिसळलेले असतात.

काही वस्तूंबाबत मात्र हात आखडता घ्यावा. कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी किती सुंदर दिसतात. पण समोरच्या आजींच्या कपाळावरचे कुंकू कोणत्या वर्षी आणि कुणी पुसायला लावले, हे ठाऊक असल्याशिवाय ती डबी उघडू नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्या माणसाच्या पेटीत पुराचे कात्रण ठेवावे की नाही, हे त्यालाच आधी विचारावे; काहींना त्यावर तासभर बोलायचे असते, काहींना अजिबात नाही. १९७२च्या दुष्काळाचे तेच. आमच्याकडे एका बाईंनी दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचे नाव काढताच पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या बाईंनी खडी फोडायच्या कामावरची अशी नक्कल करून दाखवली, की हसून पुरेवाट झाली. दोघी शेजारच्याच तालुक्यांतल्या.

शिवाय निव्वळ व्यवहाराच्या चिंता असतातच. सोनाराच्या तराजूतल्या लाल-काळ्या गुंजा पाहून आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक हमखास निघते, पण गुंज विषारी असते आणि स्मृतिभ्रंश झालेला माणूस हाती आलेली वस्तू तोंडात घालू शकतो, त्यामुळे ती पेटीत नकोच. डांबराच्या गोळ्यांचेही तसेच. जुन्या ट्रंकेचा वास त्यांच्याशिवाय पुरा होत नाही हे मान्य, तरी त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. तसे पाहिले तर वासावर फार भिस्त ठेवू नये हेच बरे. वासाने आठवण झपकन जागी होते हे खरे असले, तरी उतारवयात नाक मंदावते आणि स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा फार लवकर मंदावते. स्पर्श आणि वजन अधिक भरवशाचे.

वजनावरून सध्याचा तंटा सांगायचा राहिला. गेल्या महिन्यात पेटीतून लाकडी मापटे निघाले आणि सोलापूरकडच्या एक आजी व रत्नागिरीकडच्या दुसऱ्या, यांच्यात ते ‘खरे’ आहे की नाही यावरून जुंपली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, इथवर दोघींचे एकमत होते. परंतु सोलापूरच्या आजींच्या मते हे मापटे वाण्याने मुद्दाम उथळ केलेले, तर रत्नागिरीच्या आजींच्या मते ते नको इतके मोठे होते. गावोगावची मापे एकसारखी नव्हती हे उघडच आहे, वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली करावा लागला तो उगाच नव्हे. पण असा समजुतीचा खुलासा करणाऱ्याला या वादात दोन्ही बाजूंनी गप्प बसवले जाते. स्वयंपाकघरातून ज्वारी आणि तांदूळ आणवून दोन्ही मापून झाले. शीग लावून मोजायचे की काठोकाठ, यावर आणखी एक दुफळी पडली, टपालवाले काका पंच झाले आणि चहा टेबलावरच निवला. नुसत्या मापट्यावर निकाल देता येणार नाही, अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचे माप, पाहिजे, असा काकांनी हुकूम काढला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे ती आहे, पण तो तिला अँटीक म्हणतो आणि तशीच किंमत सांगतो. ती किंमत ऐकून दोन्ही आजींचे जुंपल्यापासून प्रथमच एकमत झाले, आणि येत्या बुधवारी भाव करायला आपल्यालाही बरोबर न्यावे, असा दोघींनी मिळून कार्यालयात अर्ज दिला आहे.