उतरलेल्या पापण्या

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली ती पहाट होती. कोकणातल्या आमच्या तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी रात्रपाळीची अधिपरिचारिका होते आणि बाहेर संध्याकाळपासून पावसाची झड लागली होती. साडेचारच्या सुमारास पस्तिशीच्या एका बाईला तिचा नवरा आणि दीर रिक्षातून घेऊन आले. पोटात कळा येत होत्या, दोनदा उलटी झाली होती आणि रात्री सुकटीची आमटी खाल्लेली असल्याने जेवण बाधले, असे घरच्यांनी धरले होते. केसपेपरवर मीही आधी तेच लिहिले.

नाडी आणि रक्तदाब ठीक होते. मात्र माझ्याकडे पाहताना ती मान मागे टाकून पाहत होती, कारण तिच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. "झोप झाली नाही हो तिची, दिवसभर भातलावणीत होती," असे नवरा म्हणाला.

पोटदुखी आणि जड डोळे ही जोडी मी पूर्वी एकदा पाहिली होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका रुग्णालयात, अशाच पावसाळी पहाटे आलेल्या मुलाला आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले गेले आणि दुपारी तो गेल्याचे कळले. त्याचे डोळे मला खटकले होते. पण आपण सांगायचे कसे, आणि चुकलो तर काय, या भीतीने मी गप्प राहिले. ते ओझे अजून उतरलेले नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी सर्पदंशावर दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. त्याचे महत्त्व मला वाटते ते एका गोष्टीमुळे: आमचे वैद्यकीय अधिकारी, आम्ही परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि वॉर्डातल्या मावशी अशा सर्वांना एकाच खोलीत, सरावाच्या एकाच पुतळ्यासमोर उभे केले होते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूण अनेकदा सापडतही नाही आणि पहिली तक्रार पोटदुखीची असू शकते, हे तिथे सर्वांनी एकत्र ऐकले. म्हणूनच "ताई, रात्री झोपला कुठे होतात?" या माझ्या प्रश्नावर "खाली, पडवीत" असे उत्तर आले, तेव्हा मावशींनी मला न विचारता प्रतिविषासाठी, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधासाठी, शीतपेटीकडे धाव घेतली.

मी तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. ती सतरापर्यंत पोहोचली. निरोगी माणूस सहज तिशीपर्यंत जातो. डॉक्टरांना उठवून मी एवढेच म्हटले, "सर, पोटदुखी आहे, खाली झोपली होती, पापण्या उतरल्यात, श्वास सतरावर." त्यांनी उलट प्रश्न विचारला नाही. ते येईपर्यंत सलाईन लागले होते आणि तंत्रज्ञाने कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त न हलवता ठेवले होते. वीस मिनिटांनी रक्त नीट गोठलेले दिसले आणि ज्यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते त्या घोणस किंवा फुरशाची शंका बरीच मागे पडली.

प्रतिविषाच्या दहा कुप्या विरघळवणे हे बाहेरच्या माणसाला वाटते तेवढे सोपे काम नाही. पावडर हलक्या हाताने फिरवावी लागते, जोरात हलवली तर फेस होतो, आणि एकटीने दहा कुप्या करायच्या तर हातातली मिनिटे निघून जातात. आम्ही तिघींनी त्या वाटून घेतल्या. प्रतिविषाची रिॲक्शन आली तर द्यायचे ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवले होते आणि त्याची गरज पडलीच: अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजू लागली, तेव्हा प्रतिविष थांबवून मांडीत अर्धा मिलिग्रॅम दिले आणि ती सावरल्यावर पुन्हा सुरू केले.

तरीही आकडे घसरत राहिले. आधी अकरा, मग सहा. प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, पण मज्जातंतूंच्या टोकाशी आधीच झालेली इजा त्याने भरून येत नाही; तोवर श्वास आपणच द्यायचा असतो. डॉक्टरांनी श्वासनलिकेत नळी घातली आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून जिल्हा रुग्णालयापर्यंत, सव्वा तासाच्या घाटरस्त्यात, रुग्णवाहिकेचे डॉक्टर आणि मी आळीपाळीने अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत राहिलो. लय चुकू नये म्हणून मी मोठ्याने मोजत होते, "एक, दोन, तीन, चार, पाच, दाबा." ती हलत नव्हती, पापणीही उचलत नव्हती. समोर बसलेला दीर रडत "वहिनी गेली" म्हणू लागला, तेव्हा मी त्याला थांबवून सांगितले की त्या शुद्धीवर असू शकतात आणि सगळे ऐकत असतील. तिथल्या परिचारिकेच्या हाती केस सोपवताना औषधांच्या वेळांआधी मी हेच सांगितले आणि डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालायची आठवण केली.

ती चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. गणपतीनंतर ती स्वतः चालत आमच्या रुग्णालयात आली. घाटातले सगळे तिने ऐकले होते. "तुम्ही पाच म्हणालात की श्वास यायचा, म्हणून मी पाचाची वाट बघत राहिले," असे ती म्हणाली. आणि आपण मेलो असे समजून कुणी बॅग सोडून देईल, याची भीती सर्वांत जास्त वाटली, हेही तिने सांगितले.

ही भीती आमच्या प्रशिक्षणात नव्हती. आता दर महिन्याच्या सरावात कुप्या, बॅग आणि रक्ताची नळी यांच्या जबाबदाऱ्या वाटून झाल्या की एकजण पुतळ्याच्या उशाशी बसते आणि आपण काय करतो आहोत, किती वाजले, घरचे कोण बाहेर आहे, हे त्याला सांगत राहते. पहिल्या सरावाला ते काम मावशींनी मागून घेतले.