आमची वाटचाल : तपासणीच्या टेबलावर कॅमेरा आला

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. बुश, नोझल, फेरूल असे पितळेचे बारीक टर्न पार्ट, म्हणजे लेथवर कातलेले भाग, आम्ही करतो. माल आंबा घाट चढून कोल्हापूरला आणि तिथून पुण्याला जातो. लॉट परत आला की भाडं दुप्पट आणि नाव खराब, म्हणून तपासणीत आम्ही कधीच ढिलाई ठेवली नाही.

बरीच वर्षं व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि एक प्रोफाइल प्रोजेक्टर यांवर भागलं. प्रोजेक्टरच्या पडद्यावर सावलीची कड रेषेला लावायची, पण ती नेमकी कुठे लागली हे बघणाऱ्याच्या नजरेवर. चॅम्फर (तिरकी कापलेली कड) आणि रेडियसला (कडेची गोलाई) दोघांची दोन रीडिंग यायची. तोवर मशीन लावून देणारा सेटर पहिला पीस पास व्हायची वाट बघत उभा आणि मशीन बंद.

म्हणून आम्ही व्हिजन मेजरिंग सिस्टिम, म्हणजे कॅमेऱ्याने मापणारं मशीन, घ्यायचं ठरवलं. यात जॉब (मोजायचा भाग) काचेवर ठेवतात, खालून उजेड पडतो, वरून कॅमेरा कड टिपतो. लेन्स टेलिसेंट्रिक असली की जॉब थोडा वर-खाली असला तरी आकार लहान-मोठा दिसत नाही. आडवातिडवा ठेवला तरी मशीन बाह्यरेषा ओळखतं आणि ठरवलेली सगळी मापं एकदम देतं.

डेमोला विक्रेते स्वतःचा चकचकीत नमुना आणतात. आम्ही आमचेच जॉब पुढे केले, तेलकट आणि बर (कापल्यावर कडेला राहणारा धातूचा बारीक कंगोरा) असलेले. तेलाचा थेंब किंवा बर हीच कड समजून मशीन माप देतं का, हे तिथेच कळतं. मग तपासणीच्या ताईंना खुर्चीवर बसवलं आणि विक्रेत्याला हात न लावता बाजूला उभं राहायला सांगितलं. तोच पीस वेगवेगळ्या हातांनी उचलून पुन्हा ठेवायचा आणि रीडिंगमधला फरक टॉलरन्सशी, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाशी, ताडायचा. गेज आर अँड आर (मोजण्यातूनच येणारा फरक टॉलरन्सच्या किती टक्के आहे ते) १० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, ३० च्या वर गेला तर ते मशीन नको, हा सगळीकडचा नियम आहे.

एका मशीनची अचूकता कागदावर सगळ्यांत चांगली होती. पण नव्या जॉबचा प्रोग्राम करायला त्यांचा इंजिनिअर पुण्याहून येणार. पावसाळ्यात घाटात दरड आली की आमचं काय? आम्ही ते सोडलं. घेतलं त्या मशीनला नवा जॉब ताई स्वतः ड्रॉइंग समोर ठेवून शिकवतात. माझ्या मते सोपं मशीन म्हणजे एवढंच.

कोकणात हवेचाही विचार करावा लागतो. मापाचं प्रमाण तापमान २० अंश. पितळ दर अंशाला मीटरमागे साधारण १९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे ३२ अंशाला ४० मिलिमीटरचा जॉब सुमारे ९ मायक्रॉनने मोठा भरतो. टॉलरन्स वीस मायक्रॉनचा असेल तर त्यातला जवळजवळ अर्धा उन्हाळ्यानेच खाल्ला! म्हणून जॉब आधी एसी केबिनमध्ये निववतो आणि मगच मोजतो. दमट हवेने लेन्सला बुरशी धरते, त्यामुळे पावसाळ्यात केबिनमध्ये डीह्युमिडिफायर लावतो.

कॅमेऱ्याला सावली दिसते, आतलं दिसत नाही. आंधळ्या भोकाची खोली अजून डेप्थ मायक्रोमीटरनेच बघतो आणि थ्रेड (आटे) गो-नोगो गेजने, ज्याची एक बाजू बसायला हवी आणि दुसरी बसायला नको. ती दोन्ही साधनं ताईंच्या टेबलावर मशीनशेजारीच असतात.