अलार्म खोटं बोलत नव्हता

तक्रार एवढीच होती की रात्री अलार्म आपोआप वाजतो. गाडीचे मालक माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या कारागिराने धक्का बसला की अलार्म वाजवणाऱ्या शॉक सेन्सरचा स्क्रू फिरवून त्याची संवेदना कमी केली. दुसऱ्याने ती आणखी कमी केली आणि सायरनही बदलून दिला. तरी मध्यरात्रीनंतर कधीतरी गाडी बोंबलायचीच. "शेजारी आता नमस्कारही करत नाहीत," ते हसत म्हणाले, पण झोप झालेली नाही हे तोंडावर दिसत होतं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला अलार्मची ही तक्रार नवी नसते. दरवाज्याच्या नाहीतर बॉनेटच्या स्विचला गंज चढलेला असतो, बॉडीला जोडलेली अर्थची वायर सैल असते, बॅटरी मरायला टेकलेली असते, किंवा शॉक सेन्सर बॉडीला घट्ट बसवण्याऐवजी वायरिंगच्या गुच्छाला टायने बांधून मोकळा सोडलेला असतो. इथे सेन्सर तसाच लटकत होता, म्हणून मीही आधी त्याच्याकडेच बोट दाखवणार होतो. पण अलार्म लावून टायरला लाथ मारली, आवाज नाही. बॉनेटवर मूठ आपटली, तरी नाही. दोघांनी मिळून गाडी हलवली तेव्हा कुठे एकदा चिवचिवला. इतका बहिरा करून ठेवलेला सेन्सर जर रात्री वाजत असेल, तर रात्री गाडीला लाथेपेक्षा मोठा धक्का बसत असला पाहिजे.

मग मी हत्यारं बाजूला ठेवली आणि मालकांना बोलतं केलं. ही सवय फार उपयोगी पडते. माणूस तक्रार एक सांगतो आणि खरी माहिती सहज बोलताना देतो. ज्या दिवशी गाडी लांब जाऊन येते त्या रात्री अलार्म वाजत नाही, हे त्यांनी असंच जाता जाता सांगितलं. गाडी घराखालच्या बंद जागेत, शटरच्या आत, भिंतीकडे तोंड करून उभी असते. हँडब्रेक ते ओढत नाहीत, कारण एकदा बरेच दिवस ओढून ठेवलेला आणि मागचे ब्रेक चिकटून बसले होते. म्हणून पहिला गिअर टाकून ठेवतात. "आणि हो, गाडी थोडी सरकते. रात्री भिंतीपासून हातभर लांब लावली तर सकाळी टेकलेली असते. मुलीची सायकल मध्ये होती, तिचं हँडल वाकलं. कुणीतरी म्हणालं गिअरवर भरवसा ठेवू नका, न्यूट्रल करून हँडब्रेक लावत जा. आता तसंच करणार आहे."

सपाट फरशीवर गिअरमध्ये उभी असलेली गाडी सरकत नाही. ती कुणीतरी ओढावी लागते.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर एकाऐवजी दोन डबे निघाले. एक अलार्मचा, जुना. दुसरा रिमोट स्टार्टरचा, नंतर कधीतरी दुसऱ्याच माणसाने बसवलेला. उन्हात तापलेल्या गाडीत बसण्याआधी घरातूनच बटण दाबून एसी सुरू करता यावा म्हणून हौसेने घेतलेला, आणि वर्षभरात जेमतेम काही वेळा वापरलेला. या दोन डब्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. अलार्म आणि स्टार्टर एकत्र असलेल्या सिस्टीममध्ये रिमोटने इंजिन चालू होताना शॉक सेन्सर तेवढ्यापुरता गप्प केला जातो. इथे स्टार्टर काय करतोय हे अलार्मला कळायला मार्गच नव्हता.

रिमोट स्टार्टरचं काम वरवर पाहता सोपं असतं. चावी फिरवल्यावर ज्या वायरींना ज्या क्रमाने १२ व्होल्ट मिळतात, त्याच वायरींना त्याच क्रमाने तो रिलेमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, व्होल्ट देतो. आधी इग्निशन, मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, आणि इंजिन पकडलं की सेल्फ बंद. हे कुणीही तासा-दोन तासांत जोडतो. उरलेल्या तीन-चार बारीक वायरींना वेळ लागतो, आणि त्या जोडल्या नाहीत तरी गाडी रिमोटने चालू होतेच. म्हणून त्या राहतात. एक जाते बॉनेटच्या स्विचला, म्हणजे बॉनेट उघडं असताना इंजिन चालू होऊ नये आणि पट्ट्यात कुणाचा हात जाऊ नये. एक ब्रेक पेडलच्या स्विचला, म्हणजे चावीशिवाय कुणी आत बसून ब्रेक दाबला की इंजिन बंद व्हावं. एक इंजिनचे फेरे मोजायला. आणि एक गाडी न्यूट्रलमध्ये आहे का ते कळायला. ऑटोमॅटिक गाडीत ही खात्री गिअरबॉक्सच्या पार्क-न्यूट्रल स्विचवरून होते. मॅन्युअल गाडीत तसा स्विच सहसा नसतो, म्हणून तिथे माणसाकडून एक रीत पाळून घेतली जाते: इंजिन चालू असताना न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची, इंजिन तसंच चालू राहतं, उतरून दार लावायचं, मग रिमोटने लॉक केलं की इंजिन बंद. इंजिन चालू असताना माणूस बाहेर पडला म्हणजे गाडी गिअरमध्ये असू शकत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. नंतर दार उघडलं गेलं किंवा हँडब्रेक सुटला की ती तयारी रद्द होते आणि रिमोटने गाडी चालू होत नाही.

या गाडीत न्यूट्रलची वायर एका स्क्रूखाली दाबून बॉडीला कायमची अर्थ दिली होती. डब्याला सांगितलं होतं की ही गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून असलेल्या स्विचच्या दोन वायरी पिळून एकत्र केल्या होत्या. बॉनेटची वायर कापून टेपने गुंडाळलेली. ब्रेकची तेवढी जोडलेली होती, का कोण जाणे.

स्टिअरिंगच्या मागे टेपच्या गोळ्यात गाडीची दुसरी चावीही सापडली. इमोबिलायझरला, म्हणजे गाडीच्या चोरीविरोधी कुलपाला, चिप असलेली चावी दिसल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, म्हणून जुन्या पद्धतीत एक चावी तारेच्या कॉइलमध्ये गुंडाळून आतच लपवतात. मालक ती चावी हरवली समजून बसले होते. काच फोडून आत शिरणाऱ्याला चिप शोधायला मात्र लांब जावं लागलं नसतं.

हे सगळं धोक्याचं होतं, पण रात्री अडीचला रिमोट दाबतंय कोण? स्टार्टरचे दोन्ही रिमोट मी मागून घेतले होते आणि त्यांच्या बॅटऱ्या काढून ठेवल्या होत्या. मालकांना सांगितलं, घरी लावता तश्शीच गाडी इथे लावा. त्यांनी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक सोडलेला, चावी काढून उतरले आणि अलार्म लावला. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले आणि मदतीच्या पोराला सांगितलं, पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, तूही नाही. मग बाजूला उभं राहून बॅटरीला मीटर लावला. पूर्ण भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, ही १२.१ वर होती. खिडकीतून हात घालून हेडलाइट लावले. आकडा उतरायला लागला. ११.८. ११.६. पोरगा कंटाळून विचारत होता, "दादा, किती वेळ बघायचं?"

तेवढ्यात डॅशखाली रिले टकटकला आणि गाडीने पुढे हिसका दिला. पुढचे ठोकळे करकरले. सेल्फ कण्हला, थांबला, आणि त्याच क्षणी सायरन सुरू झाला. पोरगा मीटरची वायर टाकून भिंतीपर्यंत मागे गेला. मालक मात्र ओरडले, "हाच! रात्री हाच आवाज!" अलार्म बंद करेपर्यंत दुसरा हिसका बसला, मग तिसरा. इंजिन पकडलं नाही की हे डबे थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतात. मी बॅटरीची निगेटिव्ह काढली तेव्हा सगळं थांबलं.

बऱ्याच रिमोट स्टार्टरमध्ये अशी सोय असते की बॅटरी एका पातळीच्या खाली गेली, किंवा ठरावीक वेळ झाली, की गाडीने स्वतःच चालू होऊन बॅटरी चार्ज करून घ्यावी. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभ्या असलेल्या ऑटोमॅटिक गाडीसाठी ती असते. बसवणाऱ्याने ती चालू ठेवली आणि मालकांना सांगितलं नाही; सांगितलं असेल तरी त्यांच्या लक्षात नव्हतं. जुनी बॅटरी, त्यात दोन डबे आणि कॉइल रात्रभर करंट पीत बसलेले. गाडी लॉक करून थोडा वेळ गेल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट जावा. नंतर मोजला तर इथे त्याच्या कितीतरी पट जात होता. लांबच्या फेरीनंतर बॅटरी भरलेली असायची, म्हणून त्या रात्री शांतता. एरवी मध्यरात्रीनंतर व्होल्टेज खाली गेलं की डबा सेल्फ मारायचा, गाडी गिअरमध्येच भिंतीकडे सरकायची, आणि अलार्म त्या धक्क्याला वाजायचा. दोन कारागिरांनी जो सेन्सर बिघडला म्हणून गप्प केला होता, तो एकटाच आपलं काम नीट करत होता.

इथवर मला गुंता सुटल्याचं समाधान होतं. मग मालकांचं ते मघाचं वाक्य आठवलं: आता न्यूट्रल करून हँडब्रेक लावणार आहे.

बॅटरी अर्धमेली होती आणि गिअरचा भार होता, म्हणून इंजिन पकडत नव्हतं. न्यूट्रलमध्ये त्याच बॅटरीवर सेल्फ मोकळा फिरला असता. इंजिन पकडलं असतं, गाडी हलली नसती, अलार्म वाजला नसता, आणि शटरच्या आत इंजिन दहा-वीस मिनिटं शांतपणे चाललं असतं. बंद होऊन, व्होल्टेज पुन्हा उतरलं की परत. वर झोपायच्या खोल्या. थंड पेट्रोल इंजिन सुरुवातीला जादा पेट्रोल पितं, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणजे सगळ्यात जास्त कार्बन मोनॉक्साइड याच पहिल्या काही मिनिटांत निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतं. जागा माणूस डोकं दुखतं म्हणून बाहेर तरी येतो; झोपलेला उठतोच असं नाही. शटर अर्धं उघडं ठेवून हा प्रश्न सुटत नाही, हेही मालकांना लगेच सांगावं लागलं, कारण त्यांनी पहिला उपाय तोच सुचवला.

त्यांना हे सगळं सांगताना मी सायरनबद्दल बोलणं सोडूनच दिलं. ते बराच वेळ स्टुलावर बसून होते. मग घरी फोन करून, मुलीने सायकल कुठे ठेवली आहे एवढंच विचारलं.

काम करायला संध्याकाळ झाली. रिमोट स्टार्टर पूर्ण काढला. हँडब्रेकशी आणि दार लावण्याच्या रीतीशी बांधून मॅन्युअल गाडीत तो सुरक्षित बसवता येतो, पण ज्याची गिअरमध्ये गाडी लावायची सवय पक्की आहे आणि ज्याची जागा बंद आहे, त्याच्या गाडीत मी तो बसवत नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तरी. क्लचचा स्विच पूर्ववत केला, कापलेल्या वायरी झाळून जोडल्या, चावी टेपमधून सोडवून मालकांच्या हातात दिली. बॅटरी बदलली. अलार्मचा शॉक सेन्सर बॉडीला स्क्रूने बसवला आणि त्याची संवेदना पुन्हा वाढवली. बॉनेटची कापलेली वायर अलार्मकडे नेली, कारण तिकडे ती लागतेच. मागच्या ब्रेकचं काम ब्रेकवाल्याकडे करून घ्या आणि हँडब्रेक वापरायला लागा, असंही सांगितलं.

काढलेला डबा पिशवीत घालून दिला तेव्हा त्यांनी विचारलं, भावाची गाडी ऑटोमॅटिक आहे, त्याला देऊ का? म्हटलं, द्या, पण आधी त्याची आपोआप चालू होण्याची सोय बंद करून घ्या, आणि बसवणाऱ्याला गाडीजवळ उभं राहून बॉनेट उघडायला सांगा. रिमोट दाबल्यावर उघड्या बॉनेटने गाडी चालू झाली, तर ती तिथून घेऊ नका.

"आणि त्याचीही गाडी शटरमागेच असते," ते म्हणाले.

मग नका देऊ, म्हटलं. पिशवी त्यांनी माझ्याच बाकड्यावर ठेवली.