दरवर्षी हिरवी होणारी भिंत आणि वॉरंटीवाले साहेब

कुडाळजवळच्या एका बंगल्याचं काम गेल्या ऑक्टोबरात केलं, ते अजून डोक्यातून जात नाही. मालक मुंबईला. फोनवर पहिलंच वाक्य, "पाच वर्षांची वॉरंटी होती, दोन पावसात भिंत हिरवी, आधीच्या पेंटरने फसवलं." आमच्या धंद्यात आधीच्याला शिव्या घातल्या की काम पटकन मिळतं, त्यामुळे सगळे घालतात.

जाऊन बघतो तर उत्तरेकडची भिंत गुडघाभर हिरवीगार, वरची कडा जवळजवळ सरळ, त्याच्या वर रंग एकदम ठणठणीत. रंग भिकार असता तर वर पण गेला असता ना! पेव्हर ब्लॉक थेट भिंतीला भिडवलेले, छपराला पन्हळ नाही, म्हणजे चार महिने पागोळ्या ब्लॉकवर आपटणार आणि सगळं पाणी भिंतीवर उडणार. छज्ज्याला खालून पाणी तुटायला खाच नाही, त्यामुळे पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत येतं आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना ओघळ. एका कोपऱ्यात केशरी डाग होते, त्याला साहेब गंज म्हणत होते. तेही शेवाळच, ट्रेन्टेपोहलिया म्हणतात, हिरव्या शेवाळांच्याच कुळातलं, गाजरात असतं तसल्या कॅरोटीनमुळे केशरी दिसतं.

राखणदार काकांनी आधीच ब्लीचिंग फासून ठेवलेलं आणि त्यावर टॉयलेटचं ॲसिड ओतायला निघाले होते, बाटली हातातून काढून घेतली. दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन गॅस होतो. शिवाय ॲसिड सिमेंट खातं ते वेगळंच.

मग आमची पद्धत. आधी झाडं साध्या पाण्याने भिजवायची, मग हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव ब्लीच) पाणी घालून पातळ करून भिंतीला खालून वर लावायचा, वरून लावला तर कोरड्या भागावर ओघळाचे पट्टे उठतात. 15-20 मिनिटं ठेवायचं पण सुकू द्यायचं नाही, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, मग भरपूर पाणी. साहेबांना प्रेशर मशीन हवं होतं, व्हिडिओत बघितलेलं. जवळून मारलं की रंग सोलतो, प्लास्टरच्या चिरांत पाणी घुसतं, पण व्हिडिओत ते कुठे दिसतं.

भिंत वाळेपर्यंत मी सांगून बघितलं, की पन्हळ लावा, भिंतीलगतचे फूटभर ब्लॉक काढून खडी टाका, छज्ज्याला खाच पाडून देतो. शेजारच्या जुन्या घराला पावसाआधी झाप (नारळाच्या झावळ्या विणून केलेला आडोसा) बांधतात, भिंत बऱ्यापैकी कोरडी राहते, तेही दाखवलं. साहेब म्हणाले, "पन्हळीने लूक जातो हो. तुम्ही रंग चांगल्यातला मारा."

मारला. शेवाळरोधक इमल्शन, प्रायमरसकट. बिलावर लिहिलं, पागोळ्यांचं पाणी अडवलेलं नाही, खालच्या भागाची गॅरंटी नाही, आणि सही घेतली. पैसे पूर्ण मिळाले. पण भिंत परत हिरवी होणार हे माहीत असताना रंग लावायचा, हे अजून पटत नाही, आणि नाही म्हणालो असतो तर दुसऱ्याने लावलाच असता.

परवा साहेबांनी फोटो पाठवला. गुडघाभर. आता दुसऱ्या ब्रँडचं कोटेशन हवंय. मी पन्हळीचं पाठवलंय.