क्रोनोग्राफची नोंदवही: १६१ ते १८९ ची उडी

क्रोनोग्राफ म्हणजे पेलेटचा (शिशाच्या छऱ्याचा) वेग मोजणारा मीटर. १० मीटर पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी), पेलेट ०.५३ ग्रॅम, सिलिंडर १५० बारवर. फोंड्याकडची शेड, तिन्ही बाजूंनी जांभ्याच्या भिंती, चौथी बाजू कुळागराकडे (पोफळीच्या बागेकडे) उघडी. रायफल रेस्टवर घट्ट बसवलेली. सलग १० शॉट्सचे आकडे, मीटर प्रति सेकंदात, दशांश सोडून:

१७४, १७५, १७३, १८९, १७४, १६१, १७५, १७४, १८८, १७४.

सरासरी १७५.७ आली. सरासरी ठीक दिसते म्हणून बरेच जण इथेच थांबतात, ते करू नका. आकडे पसरलेत कसे ते आधी बघा. सात शॉट्सच्या वेगात फरक दोन मीटर प्रति सेकंदाच्या आत आहे आणि तीनच भलतीकडे उडालेत. रायफल बिघडली की असं होत नाही. वेग हळूहळू सरकतो किंवा सगळेच आकडे थोडेथोडे विस्कटतात. मधूनच एखादा आकडा उडाला तर पहिला संशय मीटरवर घ्यायचा.

याला कार्डाची (निशाणाच्या कागदाची) साक्ष मिळते. १६१ ने गेलेली पेलेट १० मीटरवर साधारण १९ मिमी खाली येते, १८९ ची १४ मिमी. फरक ५ मिमीचा, आणि एअर रायफलच्या कार्डावर एक रिंग २.५ मिमीची, म्हणजे उभ्या रेषेत सरळ दोन रिंगा. आमच्या कार्डावर दहाही शॉट्स एकाच भोकात होते. आकडे खोटे, रायफल खरी.

आता मीटर चुकतो कसा, ते पाहू. पेलेटची सावली पडली की सेन्सर चाळवतो, आणि दोन सेन्सरांमधल्या वेळेवरून मीटर वेग काढतो. दोन सेन्सरांत ३० सेंमी अंतर असेल तर १७५ च्या वेगाला १.७१ मिलिसेकंद लागतात. १८९ दिसायला दुसरा सेन्सर ०.१३ मिलिसेकंद आधी चाळवला तरी पुरे. पेलेट तेव्हा त्याच्यापासून सव्वादोन सेंमी मागे असते! म्हणजे सेन्सरला दिसली ती पेलेटची सावली नव्हेच, दुसरंच काहीतरी होतं.

दोन गोष्टी सापडल्या. पहिली, छताची एलईडी ट्यूब. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही. मोबाईलचा स्लो-मोशन कॅमेरा ट्यूबकडे धरला की पट्टे सरकताना स्पष्ट दिसतात. पेलेट कुठल्या क्षणी गेली यावर सेन्सर केव्हा चाळवेल ते ठरतं. दुसरी गोष्ट कुळागरातली: वारा आला की पोफळीच्या झावळ्यांची सावली डिफ्यूझरवर (सेन्सरवरच्या उजेड पसरवणाऱ्या पडद्यावर) हलत होती. उघड्या बाजूला ताडपत्री सोडली, ट्यूब बंद केली आणि दोन्ही सेन्सरांच्या डोक्यावर बॅटरीवरची डीसी एलईडी पट्टी लावली. पट्टीला डिमर लावू नका, बहुतेक डिमर दिवा भराभर चालू-बंद करूनच उजेड कमी करतात.

सेन्सरच्या खाचेत टॉर्च मारून बघितलं तर आत कोळ्याचं बारीक जाळं, आणि काचेवर दमटपणाने धरलेली बुरशीची पांढुरकी साय. पावसाळ्यात आपल्याकडे हे व्हायचंच. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच पुसली. आता मीटर सिलिका जेल घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवतो.

मांडणीही पुन्हा केली. नळीच्या तोंडापासून पेलेट ट्रॅपपर्यंत (पेलेट अडवणाऱ्या पेटीपर्यंत) दोरा ताणायचा (रायफल रिकामी, बोल्ट उघडा) आणि मीटर त्या दोऱ्याला समांतर लावायचा. तो ५ अंश तिरका असेल तर वेग ०.७ मीटरने कमी दिसतो. हा फरक प्रत्येक शॉटला सारखाच राहतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. दोरा सेन्सरच्या १० ते १५ सेंमी वरून जाऊ द्या. फार उंच गेला तर सावली फिकी पडते. नळी पहिल्या सेन्सरपासून १ मीटर मागे, मध्ये ४ सेंमी भोकाचा पुठ्ठा. पीसीपीच्या हवेचा झोत पेलेटच्या पुढे धावतो आणि जवळचा सेन्सर फसतो. पहिला सेन्सर झोताने चाळवला तर आकडा कमी येतो, दुसरा चाळवला तर जास्त. पुठ्ठा मीटरच्या स्टँडवर लावू नका, झोताने स्टँडच हलतो. ९ व्होल्टची बॅटरी शंका असली तर बदलूनच टाका, तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

यानंतरचे १० शॉट्स १७३.६ ते १७६.१ मध्ये आले. पसारा (सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यातला फरक) २.५. दहा शॉट्सचा पसारा प्रमाण विचलनाच्या साधारण तिप्पट असतो, म्हणजे विचलन ०.८ च्या आसपास. पाच शॉट्सच्या पसाऱ्याची दहाच्या पसाऱ्याशी तुलना करू नका. पाचाचा बहुधा लहानच दिसतो आणि काम फत्ते झाल्याचा भास होतो.

मीटरचा गोंधळ थांबला तेव्हा रायफलचा खरा दोष वर आला. १० मिनिटं थांबून मारलेला पहिला शॉट १७८.४, दुसरा १७६.२, तिसऱ्यापासून १७५. मिनिटामिनिटाला मारले तर ही चढण दिसतच नाही. रेग्युलेटरची (सिलिंडरचा दाब कमी करून पुढे देणाऱ्या भागाची) सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, बारीक गळतेय: थांबलेल्या वेळात पुढच्या कप्प्यात दाब वाढतो आणि पहिल्या शॉटला जास्त हवा मिळते. उलट पहिलाच शॉट मंद आला असता तर व्हॉल्व्ह किंवा हॅमर चिकटतोय का ते बघितलं असतं.

पेलेट्सही सोनाराच्या काट्यासारख्या ०.००१ ग्रॅमच्या काट्यावर तोलल्या. ०.०१ ग्रॅमच्या फरकाने वेग साधारण दीड मीटरने बदलतो, म्हणजे उरलेल्या २.५ मधला बराचसा वाटा इथेच असू शकतो. किनारपट्टीवर उघड्या राहिलेल्या डबीतल्या पेलेट्सवर पांढरी पूड धरते, त्या चाचणीत घेऊ नका. त्या हाताळल्यावर हात साबणाने धुवा, ते शिसं आहे.

बाकी काम: सिलिंडर काढून, आतली हवा पूर्ण सोडून रेग्युलेटरची सीट आणि ओ-रिंग बदलणं. मग पुन्हा १० मिनिटं थांबून पहिला शॉट, असे पाच वेळा. पहिला आणि तिसरा शॉट १ मीटरच्या आत आले तर सीट बसली, नाहीतर पिस्टनवर ओरखडे आहेत का ते भिंगाखाली तपासायचं.