डोणज्याच्या अलीकडे अडकलो तेव्हा

पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रविवारी पिठलं-भाकरी खायला सिंहगडाकडे निघणं हा शुद्ध मूर्खपणा. मी तो दर जूनमध्ये न चुकता करतो. खडकवासल्याच्या चौपाटीने पाऊण तास खाल्ला आणि डोणज्याच्या अलीकडे सगळंच ठप्प झालं. शेजारच्या गाडीत ढणाढणा गाणी.

रस्त्यालगतच्या खाचरात पाणी साचलं होतं, त्यात पिवळीधमक पाकिटं तरंगत होती. ‘वेफर्स खायचे आणि फेकायचे! शिकलेली माणसं ही!’ मी करवादलो. तेवढ्यात एका पाकिटाला दोन निळे फुगे आले.

बायकोला गाडीत ठेवून चिखलात उतरलो. बुलफ्रॉग! तळहातावर मावणार नाही असा दांडगा, लिंबासारखा पिवळा, पाठीवर लांबट वळ्या, आणि डरावलं की जबड्याखाली दोन्हीकडे निळेशार फुगे. हे सगळे नर. एरवी हेच शेवाळी-मातकट असतात, पायाशी बसले तरी कळणार नाही. माद्यांसाठी हा थाट, तोही पावसाच्या तोंडाशी मोजके दिवस. दहा-बारा जण होते, एकमेकांना ढुशा देत होते. हॉर्नपेक्षा आवाज मोठा, पण त्याचा त्रास होत नव्हता.

बांधावर एक मळकट मादी बसली होती, समोर गांडूळ. झडप कधी पडली ते दिसलंच नाही. अर्धं गांडूळ बाहेर वळवळत होतं, ते तिने पुढच्या दोन्ही हातांनी तोंडात कोंबलं. मग डोळे मिटून आत ओढले गेले. बेडूक घास घशाखाली ढकलायला डोळ्यांचाही जोर लावतो, हे वाचलं होतं; बघितलं त्या दिवशी.

“हिला काय बी चालतंय,” बांधावरचे काका म्हणाले. “किडं, उंदराचं पिल्लू, बारकं साप. दुसरं बेडूक बी गिळती.”

याच बेडकांच्या तंगड्या पूर्वी भारतातून परदेशी जायच्या. १९८७ मध्ये निर्यातबंदी आली. हे मी काकांना सांगायला लागलो, तर मागून हॉर्न. रांग हलली होती आणि बायको खिडकीतून हातवारे करत होती.

गडावर पोचलोच नाही. धायरीत मिसळ खाल्ली, बेतास बात.

पुढच्या रविवारी फक्त बेडकांसाठी गेलो. खाचर गप्प होतं. कडेला एक पिवळं दिसलं म्हणून पुन्हा चिखलात उतरलो. वेफर्सचं पाकीट होतं.